नव्वद किलोच्या आधी

तीन महिने झाले तरी नव्वद किलोचा बार जमिनीवरून हलत नव्हता. पंच्याऐंशी मी एकदा उचलले होते, दिवाळीच्या आधी. त्यानंतर पंच्याऐंशीही उठेनासे झाले. रोज पहाटे पाचला उठायचं, कुकर लावायचा, दोन डबे भरायचे, साडेसहाला व्यायामशाळेत पोचायचं, आणि पावणेआठला हात हलवत परत यायचं. साडेआठची बस गाठून मी कागलकडच्या एका साखर कारखान्यात जाते. तिथल्या शेती ऑफिसात नोकरी आहे माझी. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी एकच हिशेब करायची: ऐंशी उठतात, पंच्याऐंशी उठले होते, मग नव्वद का नाहीत?

वय सत्तेचाळीस. या वयाच्या बाईनं लोखंड उचलायला का जावं, हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. कारण साधं आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्या ओल्या फरशीवर बसल्या होत्या आणि मला त्यांना उठवता येईना. काखेत हात घालून ओढलं, कमरेला धरून ओढलं, शेवटी दोघीही खाली. नवरा परगावी होता. मी शेजारच्या दोघा बाप्यांना हाक मारली, त्यांनी सासूबाईंना एका दमात उचलून खाटेवर ठेवलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ओल्या लुगड्यात परक्या माणसांनी उचललं हे त्यांना लागलं होतं, आणि राग काढायला घरात मी एकटीच होते. मला तो राग चुकीचा वाटला नाही. पुढच्याच आठवड्यात मी आमच्या पेठेतल्या व्यायामशाळेत नाव घातलं.

व्यायामशाळा म्हणजे वस्तादांच्या घरामागचं पत्र्याचं शेड. वस्ताद एके काळचे पैलवान. आता पासष्टीला आले होते, कान मोडलेले, गुडघे गेलेले, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. जमिनीवरचा बार दोन हातांनी धरून, पाठ सरळ ठेवून, मांड्यांपर्यंत उचलून ताठ उभं राहायचं, म्हणजे डेडलिफ्ट, हे त्यांनीच मला शिकवलं. ते शिकवणं इतकं चोख होतं की आजवर माझी पाठ कधी वाकली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्यांच्याविषयी मी बरंच वाकडं बोलणार आहे.

भांडण होतं ते वजन उचलायच्या आधीच्या गोष्टींवरून. वस्तादांचं म्हणणं एकच, घाम फुटल्याशिवाय अंग उघडत नाही. त्यामुळं बाराला हात लावायच्या आधी शंभर बैठका आणि तीस जोर. मग रिकामा बार, जो वीस किलोचा असतो, तो वीस वेळा. मग चाळीस किलो पंधरा वेळा. मग साठ किलो बारा वेळा. मग सत्तर, आठ वेळा. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की अंग गार पडतं. एवढं झाल्यावर ते टाळी वाजवून म्हणायचे, "हां, आता लावा नव्वद."

तोवर माझे हात दोरीसारखे लोंबत असायचे. बार धरला की बोटं आपोआप सुटायची. मी ओढायची, दातओठ खाऊन ओढायची, आणि बार जमिनीला चिकटवल्यासारखा तिथंच.

"वस्ताद, दमते मी त्याच्या आधीच," मी एकदा म्हणाले.

"दमताय कुठं? मन कच्चं हाय तुमचं, वैनी."

"मन नाही, हात दमतात."

"हात मनाचंच ऐकत्यात की."

मी पुन्हा वाकून बार धरला. पुन्हा नाही उठला. मागं बेंचवर बसलेल्या दोघा पैलवान पोरांनी मान फिरवून आपापल्या मोबाइलमध्ये घातली. माझी लाज राखायला त्यांनी तसं केलं, हे मला दिसलं आणि त्यानं मला जास्तच चीड आली.

त्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेतला आणि मांडलं. वीस किलो वीस वेळा म्हणजे चारशे. चाळीस पंधरा वेळा, सहाशे. साठ बारा वेळा, सातशे वीस. सत्तर आठ वेळा, पाचशे साठ. बेरीज बावीसशे ऐंशी किलो. आमच्या गोदामातल्या साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्यांच्या भाषेत सांगायचं तर पंचेचाळीस पोती मी आधी उचलून ठेवत होते, आणि मग शेहेचाळिसाव्याला माझं मन कच्चं ठरत होतं. कागदाकडं बघून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं, उसाचं टनेज जुळंना?" मी म्हटलं, जुळलं, पण माझंच.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद वस्तादांना दाखवला. त्यांनी चष्मा नाकावर चढवून वाचला, घडी घालून मला परत दिला.

"कागदावर कुस्ती व्हत न्हाय."

"मी कुस्ती खेळतच नाही, वस्ताद. मला एकदाच उचलायचं असतं."

"मग काय, गार अंगानं उचलतासा? करा. कंबर गेली म्हंजे माज्याकडं येऊ नका."

आणि नेमकं मी तेच केलं. ही माझी चूक, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. त्या आठवड्यात वस्ताद भाचीच्या लग्नाला पेठ वडगावला गेले होते. शेडची किल्ली शेजारी ठेवलेली. पहाटे मी एकटीच होते. बाहेर थंडी होती, पत्रा गार, बार तर हाताला चटका बसावा इतका गार. मनात आलं, आज एकही बैठक नाही, एकही फालतू सेट नाही. सगळी ताकद राखून ठेवायची आणि सरळ नव्वद ओढायचं. मी एकदा साठ किलो उचलले, फक्त लाज राहावी म्हणून, आणि प्लेटी चढवून नव्वद केले.

बार उठला. खरंच उठला, चार बोटं तरी. तेवढ्यात कमरेच्या डाव्या बाजूला काहीतरी दोरी तुटावी तसं झालं आणि मी बार सोडून दिला. उसण भरली होती. इतकी, की मला सरळही होता येईना आणि खालीही बसता येईना. मी रॅकच्या खांबाला धरून वाकलेली, फोन पिशवीत, पिशवी दाराजवळ. ते आठ-दहा फूट अंतर मी कसं कापलं हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पंधरा दिवस अंथरुणात गेले. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी तेल गरम करून दिलं, दुसऱ्या दिवशीपासून बोलायला सुरुवात केली. "मला उचलायला गेलीस आणि तुलाच उचलायची पाळी आली." जयसिंगपूरहून अक्का आली, माझी थोरली बहीण. तिनं दारातूनच सुरू केलं.

"अय्यो, काय गं हे! आपल्या घरात कुणी असली थेरं केली होती का? सुपारीएवढी कंबर तुझी."

"माझी कंबर सुपारीएवढी कधी होती, अक्का?"

"हसू नको. त्या वस्तादाला जाब विचारणार आहे मी."

"त्यांनी सांगितलं होतं गार अंगानं उचलू नको म्हणून."

मला वाटलं, आता हिला दोष द्यायला कुणी उरलं नाही. पण तिला सापडलं. "मग तूच मूर्ख," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला लागली.

उसण उतरल्यावर नवऱ्यानं मला एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरणीकडं नेलं. माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. तिनं कंबर दाबून बघितली, वाकवून बघितली, आणि म्हणाली, "काकू, हाडाला काही नाही. पण मला एक सांगा, नव्वदच्या आधी तुम्ही काय काय करता?"

कुणीतरी हा प्रश्न विचारेल याची मी कधीची वाट बघत होते. मी दोन्ही सांगितलं, पंचेचाळीस पोतीही आणि त्या गार सकाळचंही. ती हसली नाही. कागद ओढून तिनं त्यावर आकडे लिहिले.

"हे बघा. आधी पाच मिनिटं अंग गरम करायचं. चाला, दोरीवरच्या उड्या मारा, दहा-पंधरा बैठका मारा. तुमच्या वस्तादांचं तेवढं बरोबरच आहे, थंड अंगानं उचलायचं नाही. पण बैठका दहा, शंभर नाहीत. मग बार. रिकामा बार आठ वेळा. चाळीस किलो पाच वेळा. पंचावन्न तीन वेळा. सत्तर दोन वेळा. ऐंशी एकदा. आणि मग नव्वद."

"ऐंशी फक्त एकदा?"

"एकदाच. वजन वाढेल तशा खेपा कमी. या सगळ्यात तुम्हाला ताकद मिळवायची नाहीये, ती तुमच्याकडं आहेच. फक्त अंगाला आठवण करून द्यायची, की आता हे येणार आहे, मग त्याहून थोडं जड येणार आहे. सत्तरनंतर उगीच दहा वेळा उचलून काय मिळतं? दमच लागतो."

"आणि मध्ये थांबायचं?"

"हलक्या वजनांत मिनिटभर पुरे. सत्तरनंतर दोन मिनिटं. नव्वदच्या आधी चांगली तीन-चार मिनिटं बसा. अंग चार मिनिटांत गार पडत नाही, काकू. अर्ध्या तासात पडतं."

घरी येऊन मी बेरीज केली. सातशे पंचेचाळीस किलो. पंधरा पोत्यांपेक्षाही कमी. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. इतके महिने मी रोज तीस पोती फुकट उचलत होते, आणि वर माझ्या मनाला नावं ठेवून घेत होते.

दीड महिन्यानं व्यायामशाळेत परत गेले, हलक्या वजनापासून सुरुवात केली, आणि वस्तादांना सगळं नीट समजावून सांगितलं. फार नम्रपणे सांगितलं. ते ऐकून घेतात असं वाटलं आणि मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"चाळीस वर्सं म्या लोकं घडवली. ती पोरगी मला शिकवनार? माज्या घामाला नावं ठेवतासा व्हय?"

"नावं नाही ठेवत, वस्ताद."

"मंग करा तुमचं तुमी. मी बगनार बी न्हाय."

आणि ते खरंच बघेनासे झाले. मी आले की पाठ फिरवून वर्तमानपत्र उघडायचे. आता मला वाटलं होतं, पद्धत कळली, म्हणजे प्रश्न मिटला. पण आमच्या शेडमध्ये जमिनीवरून उचलायला बार एकच. मी चाळीस लावून पाच वेळा उचलायची, मिनिटभर थांबायला वळले की कुणीतरी दांडगा त्यावर एकशेवीस चढवून मोकळा. मग त्याचं होईपर्यंत थांबायचं, त्यानं न उतरवलेल्या प्लेटी उतरवायच्या, परत पंचावन्न लावायचे. पंचावन्नसाठी अडीच किलोच्या दोन प्लेटी लागतात. एक मिळायची. दुसरी शोधता शोधता एकदा कळलं की ती मागच्या दाराला अडण म्हणून लावली आहे. ती काढली तर दार वाऱ्यानं आपटायला लागलं आणि वस्ताद वर्तमानपत्रामागून ओरडले, "दार कुनी सोडलं रे?"

हलका बार जमिनीवर ठेवला तर फार खाली जातो, कारण दहा किलोच्या प्लेटी लहान असतात. म्हणून मी घरून दोन लाकडी ठोकळे नेले, त्यावर बार टेकवायला. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक गायब. विचारलं तर कुणी बोलेना. आठवड्यानं तो पाण्याच्या पिंपाखाली सापडला. असल्या गोष्टींनी माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं नव्वद किलोनंही फिरलं नसेल. पण ऐंशी मात्र आता हलके येत होते. एकदा पंच्याऐंशी परत उठले, आणि उचलल्यावर मी दमलेही नाही.

त्याच सुमारास जयसिंगपूरला डेडलिफ्टची स्पर्धा निघाली. चाळिशीपुढच्या बायकांचाही गट होता. मी नाव दिलं. वस्तादांना सांगितलं तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कदी हाय?" रविवारी म्हटलं. रविवारी सकाळी सहाला ते आमच्या दाराशी पांढऱ्या सदऱ्यात उभे. "चला. उशीर नको." मी पिशवी उचलून निघाले.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सुरुवात नऊला, आणि पहिला गट आमचाच. आम्ही तिघीजणी होतो. स्टेजमागच्या खोलीत एक बार ठेवला होता. मी घड्याळ लावून सगळं बसवलं. साडेआठला बैठका, मग रिकामा बार, चाळीस, पंचावन्न, आणि नऊला पाच मिनिटं असताना बाहत्तर किलो एकदा. पहिल्या उचलीला मी ऐंशी सांगितले होते. अंग असं मोकळं झालं होतं, की मला वाटलं आज नव्वद काय, त्याच्या पुढचंही होईल.

नऊ वाजले. माइकवरून आवाज आला, "प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. दोन मिनिटांत पोचतील."

साडेनऊ. "पाहुणे गावाच्या वेशीवर आलेले आहेत."

दहाला मी पुन्हा सुरुवात केली, रिकाम्या बारापासून. पंचावन्नपर्यंत आले तेव्हा बाहेर फटाके वाजले. पाहुणे आले होते. मी घाईनं बाहत्तर ओढले आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिले. स्टेजवर दीपप्रज्वलन झालं. मग शाल, नारळ, गुच्छ. मग आणखी शाली. सत्कार संपतच नव्हते. पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व पाऊण तास सांगितलं. मग माइकवर घोषणा, "पाहुण्यांना पुढं जायचं असल्यानं आधी खुल्या गटातल्या मुलांच्या उचली होतील."

मी परत बाराकडं निघाले. तिसऱ्यांदा रिकामा बार धरला तेवढ्यात वस्तादांनी माझं मनगट पकडलं.

"सोडा त्ये."

"वस्ताद, अंग गार पडलंय माझं."

"पडू दे. सोडा म्हनतो न्हवं! हितं बसा." त्यांनी आपल्या पिशवीतून एक जुनी घोंगडी काढून माझ्या गुडघ्यांवर टाकली. "कुस्तीच्या मैदानात आमी दुपारी बारापासनं बसायचो आन् जोड लागायची सांजच्याला. त्येवढा येळ जो नाचला त्यो मेला. बसायचं, पांघरायचं, कुनाशी बोलायचं न्हाय. नाव यायच्या आदी धा मिंटं उठायचं."

"आणि मग सगळं पहिल्यापासून?"

"खुळ्या हायसा का? दोनदा झालं न्हवं खालनं. आता चाळीस दोनदा, सत्तर एकदा, बास."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. हेच, अगदी हेच मी त्यांना दोन महिने सांगत होते. मला तिथंच भांडायचं होतं. पण घोंगडी उबदार होती आणि ओरडायलाही ताकद लागते, म्हणून मी ती छातीपर्यंत ओढून घेतली.

साडेबाराला आमच्या गटाचं नाव आलं. चाळीस दोनदा, सत्तर एकदा, आणि मी स्टेजवर गेले. ऐंशी किलो अलगद आले. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे, म्हणजे उचल मान्य. खाली पहिल्या रांगेत अक्का तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन बसली होती, ती उठून उभीच राहिली.

दुसऱ्या उचलीला मी नव्वद सांगितले. बाराशी वाकले, श्वास भरला, ओढलं. आणि तो आला. आधी सावकाश, मग गुडघ्यापर्यंत, मग गुडघ्यावरून मांड्यांवर घसटत वर. मी ताठ उभी राहिले. हॉलमधून आरडाओरडा झाला, त्यात अक्काचा आवाज सगळ्यांत वर. मला इतका आनंद झाला की मी बार लगेच खाली ठेवला.

लाल, लाल, पांढरा.

"पंचांची खूण व्हायच्या आदी ठिवलासा!" वस्ताद पडद्यामागून कपाळावर हात मारून ओरडले. नियम असा की वर उचलल्यावर पंच हात खाली करतात, तेव्हाच बार ठेवायचा. मला ठाऊक होता. घरी आरशासमोर मी त्याची तालीमसुद्धा केली होती. सेकंदभराचा प्रश्न होता.

अजून एक संधी होती. आणि तेव्हा वीज गेली. पंचांचे दिवे लागेनात, माइक बंद, कुणीतरी जनरेटरवाल्याला शोधायला पळालं. पंचवीस मिनिटं. मी धावत मागच्या खोलीत गेले, एखादा सेट मारून घ्यावा म्हणून, तर तिथं बारच नाही. बक्षिसांचं टेबल मांडायला जागा हवी म्हणून तो उचलून व्हरांड्यात नेला होता आणि व्हरांड्याचं दार कुलूपबंद. किल्ली कुणाकडं, तर जनरेटरवाल्याला शोधायला गेलेल्याकडं. मी त्या कुलपाला दोन गुद्दे घातले. वस्ताद म्हणाले, "वीस बैठका मारा. दुसरं काय करनार?" मारल्या. वीज आली. मी स्टेजवर गेले आणि नव्वद किलो गुडघ्यापर्यंत येऊन थांबले. ओढावं तरी कुठून, असं झालं. मी पूर्ण ताकद लावली, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि बार हातातून गेला.

एकीनं शंभर उचलले होते, दुसरीनं पंच्याहत्तर. माझा दुसरा नंबर आला. अक्कानं मला स्टेजखाली गाठून मिठी मारली.

"दोन नंबर आला की गं! तोंड का असं?"

"नव्वद उचलले होते मी."

"बघितलं मी. सगळ्यांनी बघितलं."

"मग मोजले का नाहीत?"

अक्कानं डबा उघडला. परतीच्या वाटेवर गाडीत वस्ताद झोपले. मी पदक पर्समध्ये टाकलं आणि हातकणंगले येईपर्यंत मनातल्या मनात प्रमुख पाहुण्यांशी भांडत होते.

पुढच्या महिन्यात एका साध्या मंगळवारी मी व्यायामशाळेत नव्वद उचलले. रिकामा बार, चाळीस, पंचावन्न, सत्तर, ऐंशी, मग चार मिनिटं खुर्चीत बसून, आणि नव्वद. वर गेल्यावर मी मनात एक, दोन म्हटलं आणि मग सावकाश खाली ठेवले. शेडमध्ये कुणीच नव्हतं. वस्ताद बाहेर गल्लीत पाण्याच्या टँकरवाल्याशी वाद घालत होते. ते आत आल्यावर मी त्यांना सांगितलं.

"खरं?" ते म्हणाले. "मी बगितलं न्हाय. परत उचला."

"आता नाही उचलणार."

"का? एकदा उठलं तर दुसऱ्यांदा उठंल की."

"वस्ताद, मी उचललं म्हणजे उचललं."

"बरं, बरं. उचललासा," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजातून मला कळलं की त्यांनी निम्माच विश्वास ठेवला आहे.

आता सकाळच्या वेळेला चार-पाच बायका नव्यानं यायला लागल्या आहेत. परवा मी आत शिरले तेव्हा वस्ताद त्यांना भिंतीजवळ उभं करून शिकवत होते. "ऐका. वजन वाडंल तशा खेपा कमी करायच्या. चाळीस पाचदा, पंचावन्न तीनदा, मंग दोन, मंग एक. उगं दमायचं न्हाय. जड उचलायच्या आदी चार मिंटं गप बसायचं. आमच्या वस्तादानं आमास्नी ह्येच शिकवलं."

मी पिशवी तिथंच टाकली.

"वस्ताद, हे तुमच्या वस्तादांनी शिकवलं?"

"मग?"

"हे माझं आहे. दोन महिने तुम्ही माझ्याशी यावरून बोलला नाहीत."

बायका कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होत्या. वस्तादांनी मोडका कान खाजवला.

"तुमचं म्हंजे? तुमास्नी ठावं हुतं व्हय? त्या डॉक्टरनीचं हाय त्ये."

खरं होतं ते. त्यामुळं तर जास्त राग आला. तेवढ्यात त्या बायकांतल्या एकीनं मला हळूच विचारलं, "ताई, रिकामा बार किती वेळा म्हणाले ते?"

"आठ," मी म्हणाले, आणि ठोकळे शोधायला गेले.